तीन खणांची ॲक्रिलिक पेटी: उंदरांची सलगी मोजायला चांगली, पण दार बघून घ्या

मेंदूतल्या अमिग्डलाकडून (भावनांशी निगडित भाग) हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी निगडित भाग) खालच्या भागाकडे जाणाऱ्या चेतातंतूंवर काम करायचं, तर उंदीर दुसऱ्या उंदराजवळ किती वेळ थांबतो हे मोजावंच लागतं. त्यासाठीच ही पेटी आहे: साधारण ६० सेंमी लांब, ४० रुंद, २२ उंच. मधला खण मोकळा, कडेच्या दोन्ही खणांत तारेचा एकेक पिंजरा. तारांमधलं अंतर सुमारे १ सेंमी असल्यामुळे नाकाला नाक लागतं, चावाचावी होत नाही. पिंजऱ्यावर वजन मात्र ठेवा, नाहीतर उंदीर वर चढून बसतो.

चाचणी अशी: आधी १० मिनिटं रिकामी पेटी, मग १० मिनिटं एका पिंजऱ्यात अनोळखी उंदीर. ओळख लक्षात राहते का हे बघायचं तर आणखी १० मिनिटं, दुसऱ्या पिंजऱ्यात नवा पाहुणा. पाहुण्याची बाजू दर उंदरागणिक बदला.

खरी अडचण दाराची. बऱ्याच पेट्यांत दार म्हणजे दोन खणांमधल्या पडद्याला पाडलेलं चौकोनी भोक. मेंदूत प्रकाश सोडण्यासाठी डोक्यावर फायबर (प्रकाश नेणारी बारीक तार) बसवलेल्या उंदराची केबल भोकाच्या वरच्या काठात अडकते आणि तो मधल्याच खणात राहतो. फेलिक्स-ऑर्टिझ आणि टाय या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की अमिग्डलाकडून येणाऱ्या या तंतूंत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन घालून ते निळ्या प्रकाशाने चेतवले की उंदीर सोबत्याशी कमी मिसळतो आणि त्यांचं काम थोपवलं की जास्त मिसळतो. म्हणजे अडकलेली केबल हुबेहूब चेतवलेल्या तंतूंसारखा आकडा देते! म्हणून वरपर्यंत उघडी खाच असलेलीच पेटी घ्या. प्रत्येक उंदराची चाचणी प्रकाशासह आणि प्रकाशाविना, दोन्ही करा, क्रम आलटूनपालटून. तुलनेसाठी ठेवलेला, म्हणजे प्रकाशाने तंतू न चेतवणारं, नुसतं चमकणारं प्रथिन टोचलेला उंदीरही मधेच बसून राहिला, तर आधी दार आणि केबल तपासा.

दुसरी गोष्ट सफाईची. ७० टक्के इथेनॉलने वारंवार पुसलं की ॲक्रिलिकच्या जोडांना बारीक भेगा पडतात, त्यांत आधीच्या उंदराचा वास मुरतो आणि पुढचा उंदीर कोपराच हुंगत बसतो. सौम्य साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. स्पिरिट फक्त तारेच्या पिंजऱ्यांना, तेही पूर्ण उडू द्या.

पारदर्शक भिंतींत प्रतिबिंब पडतं आणि व्हिडिओवरून उंदराचा माग ठेवणारं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर फसतं. भिंती अपारदर्शक आणि काळ्या उंदरासाठी तळ पांढरा मागवा. खणातल्या वेळेपेक्षा पिंजऱ्याशी हुंगण्याचा वेळ जास्त भरवशाचा. तो हाताने मोजलात तरी चालेल.

खाचेचं दार असेल तर पेटीला पाचपैकी साडेचार गुण. भोकाचं असेल तर दोन.