काळ्या थराखालचं कुजलेलं लाकूड

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचा जुना कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची छोटी खोली, घ्यायचा विचार कोणी करत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. आमचे जवळजवळ १७,००० डॉलर गेले, आणि त्याहून मोठं म्हणजे दोन लहान मुलं गाडीत असताना हे घडलं.

आम्ही युटात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. पिकअप आधीपासून होती. लाकडी सांगाड्याचा, बारा वर्षं जुना कॅम्पर एका विक्रेत्याकडे १४,५०० डॉलरला मिळत होता. माणूस बोलायला अतिशय गोड. "तुम्ही युटातले, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर जाणारच," असं म्हणून त्याने आणखी २,२०० डॉलरला खास मजबुतीकरण सुचवलं. चारही कोपऱ्यांत आतून स्टीलच्या पट्ट्या, नवे बोल्ट, आणि वरून पिकअपच्या हौद्याला मारतात तो जाड काळा थर, म्हणजे दगड उडाले तरी काही होणार नाही. काम झाल्यावर मी मूठ आपटून पाहिली. दाणेदार, दगडासारखं टणक. मी खूश झालो आणि सही केली.

आता हे कोपरे इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. कॅम्पर ट्रकवर नुसता ठेवलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कड्या टर्नबकलने (फिरवून आवळायच्या आट्यांच्या ताणणीने) ओढून ट्रकला बांधतात, बस, एवढाच आधार. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते, हौदा वेगळा हलतो, केबिनवर आलेला कॅम्परचा पुढचा भाग वरखाली डुलत राहतो, आणि हे सगळे हिसके त्या चार कड्यांवर येतात. कडी धरून ठेवतं ते तिथलं लाकूड. आणि पाणी नेमकं तिथेच पोचतं. केबिनवरच्या भागाचे सांधे आणि छोटे दिवे जुने झाले की पाऊस आत शिरतो, भिंतीच्या पोटातून खाली उतरतो आणि पुढच्या कोपऱ्यांत साठतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथेच कुजकं लाकूड. जुना लाकडी कॅम्पर बघताना एवढं एक डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दक्षिण युटातल्या एस्कलान्टे गावाजवळच्या होल-इन-द-रॉक रस्त्याला लागलो. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाची कुटुंबं याच वाटेने वॅगन घेऊन कोलोरॅडो नदीकडे गेली होती आणि शेवटी कड्यातल्या एका फटीतून त्यांनी त्या वॅगन खाली उतरवल्या. आजही हा रस्ता बराचसा कच्चाच आहे, मैलोन्‌मैल पन्हळी पत्र्यासारखा. मी टायरमधली हवा कमी केली होती, वेग ताशी पंधरा मैलांच्या वर नेला नव्हता. दर थांब्याला टर्नबकल तपासत होतो. पुढचा उजवा प्रत्येक वेळी दोन आटे सैल सापडायचा. तीनदा आवळला. मला वाटलं, नवीन बोल्ट आहेत, बसत असतील. खरं तर लाकूड सुटत चाललं होतं. एकच कोपरा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर नुसतं आवळत बसू नका, तिथूनच मागे फिरा.

ड्राय फोर्कच्या फाट्याच्या अलीकडे काडकन आवाज आला आणि मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी हलली. उतरून पाहिलं तर उजवी कडी टर्नबकलला लोंबकळत होती, लाकडाच्या ढलपीसकट. कॅम्पर तिरका होऊन त्याचं नाक केबिनच्या टपाला घासत होतं. ती ढलपी मी हातात घेतली. प्लायवूडचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटत होते, आणि बोटांना ओल लागली. माल बांधायच्या पट्ट्यांनी कॅम्पर कसाबसा आवळून एस्कलान्टेला परत यायला तीन तासांवर लागले. रस्त्यात फोनला रेंज नाही. धाकटी सारखी विचारत होती, घर पडणार का.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बॉडी बांधणीत होते, आयुष्य त्यात गेलं. म्हणाले, "आधी तो काळा थर खरवड. स्क्रूड्रायव्हर घाल, किती आत जातो बघ." मुठीपर्यंत गेला. थराखाली लांबी (पुट्टी) भरलेली होती, लांबीखाली फोम. "आरपार बोल्ट कुठाय रे? मागं पट्टी कुठाय? दीड इंची स्क्रूवर एवढा बोजा टांगला त्यानं? अरे, लेकरं होती ना आत!" बाबांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. स्टीलची पट्टी चारही कोपऱ्यांत एकही निघाली नाही.

परत येताना ट्रक थांब्याच्या काट्यावर वजन केलं. ट्रकच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या भारापेक्षा आम्ही ७०० पौंड जास्त होतो. विक्रेत्याने कॅम्परवरचं लेबल दाखवून "सहज पेलेल" असं सांगितलं होतं. लेबलवरचं वजन कोरडं आहे का, ते आधी बघा. कोरड्या वजनात पाणी, गॅस नसतो, आणि जादा बॅटरी, नंतर लावलेला एसी तर कुठल्याच लेबलात धरलेला नसतो. नुसती ३० गॅलनची टाकी भरली तरी २५० पौंड वाढतात.

विक्रेता फोनवर म्हणाला की तुम्ही गाडी आडदांडपणे चालवली, आणि कागदावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय. खरंच लिहिलं होतं. मजबुतीकरणाचं जे तो बोलला ते सगळं तोंडी होतं. बिलावर फक्त "कोपऱ्यांचं काम". मी ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे, फोटो आणि ती ढलपी जपून ठेवली आहे.

तुम्ही बघायला जाल तेव्हा बाहेरून वाजवून बघण्यात अर्थ नाही, जाड थराखाली आवाज फसवतो. आतली खालची कपाटं उघडा, कोपऱ्यात टॉर्च मारा. कडीचा बोल्ट आरपार यायला हवा, आतल्या बाजूला नट आणि रुंद धातूची पट्टी डोळ्यांनी दिसायला हवी. लाकडाची ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र फार महाग नसतं. आतून लावा, २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर लाकूड कुजण्याचा धोका आहे. सगळा कॅम्पर जुना आणि एकाच सांध्यावर ताजं सीलंट दिसलं, तर त्याखाली काय आहे ते विचारा. विक्रेता कपाट उघडू देत नसेल तर तिथून निघा. आणि केलेलं प्रत्येक काम विक्रीच्याच कागदावर लिहून घ्या.

एका कारागिराने आता दोन्ही पुढचे कोपरे कापून नवीन प्लायवूड घातलंय, आरपार बोल्ट आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांसकट. बाबांनी प्रत्येक टप्प्याचे फोटो मागवून तपासले.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात पाहिली. वेगळा कॅम्पर आहे, आणि चारही कोपऱ्यांना तोच काळा थर.