भारताची मैत्रीपूर्ण लढत अंधेरीत पाहायची असेल तर

मुंबई फुटबॉल अरेना, म्हणजे अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल. आसनं साधारण सात हजारच, पण मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी नाही, त्यामुळे खेळाडूंच्या हाका थेट ऐकू येतात. २०१६ मध्ये इथेच भारताने पोर्तो रिकोला ४-१ हरवलं. २०१८ मध्ये भर पावसात सुनील छेत्रीच्या शंभराव्या सामन्यात केनियाला ३-० मात दिली, त्यातले दोन गोल छेत्रीचेच. त्या रात्रीचा आवाज मोठ्या स्टेडियमलाही मिळणं कठीण.

तिकीट घेताना मध्यरेषेजवळची, शक्यतो वरच्या रांगांतली जागा निवडा. गोलमागे खाली बसलं तर पलीकडच्या टोकाचं अंतर कळत नाही आणि ऑफसाइडचा अंदाज हमखास चुकतो. गाडी आणू नका. वीरा देसाई रोड तुंबतो. मेट्रोने आझाद नगरला उतरून चालत या, तेही तासभर आधी, कारण झडतीची रांग सामन्याच्या तोंडावरच वाढते. जून ते सप्टेंबरमध्ये रेनकोट हवाच. छत्री उघडली की मागच्याचा सामना बुडाला!

पहिला अर्धा तास अजिबात चुकवू नका. मैत्रीपूर्ण सामन्यात बदली खेळाडू जास्त उतरवता येतात, म्हणून साठाव्या मिनिटानंतर संघाची घडी विस्कटते. फिफाच्या क्रमवारीचे गुण मोजताना अशा लढतीचं वजन आंतरराष्ट्रीय विंडोमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवलेल्या तारखांना १०, बाहेर फक्त ५. विश्वचषक पात्रता सामन्याचं २५. म्हणजे प्रशिक्षक प्रयोग करणारच. नवे चेहरे पाहायचे तर याहून चांगली जागा मुंबईत नाही.