लातूरच्या हवेत अकरा महिने: हाताने बनवून घेतलेल्या गिटारीचा अनुभव

गिटार हातात येऊन अकरा महिने झाले. लिहायला मुद्दाम थांबले. आमच्याकडे एक अख्खा उन्हाळा काढल्याशिवाय लाकडाच्या वाद्याबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही.

मी लातूरला शाळेत शिकवते, लेकरांची गाणी बसवते आणि घरी रोज तासभर वाजवते. हात लहान आहेत. आधीची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची गिटार, कारखान्यात बनलेली होती. तिच्यावर एफचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा एफ कॉर्ड) धरला की मनगट भरून यायचं, आणि मोठ्या बॉडीमुळे उजवा खांदा सतत उचललेला राहायचा. दोन वर्षं पैसे साठवले आणि पुण्याजवळच्या एका कारागिराकडे ऑर्डर दिली. ९० हजार, केस म्हणजे ठेवायची पेटी वेगळी, निम्मे पैसे आधी. मुदत सहा महिन्यांची होती, लागले दहा. उशिराचं मी समजू शकते, पण तेवढ्या काळात त्यांच्याकडून एकही फोन आला नाही, ते खटकलं.

पहिल्या भेटीत मात्र मन भरलं. कारागीर दादांनी माझा डावा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला. मी नट, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, अरुंद करा म्हणत होते. ते म्हणाले, "ताई, नट अरुंद केला तर बोटांनी छेडताना तारा एकमेकींत अडकतील. त्यापेक्षा नेक पातळ करू आणि स्केल कमी करू." नेक म्हणजे दांडा, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. नट ४४ मिमी, स्केल नेहमीच्या ६४८ ऐवजी ६३२ मिमी, बॉडी ओएम आकाराची, म्हणजे ड्रेडनॉटपेक्षा लहान. सोळा मिमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पहिल्या चार फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) करंगळीला तो लगेच कळतो. शिवाय त्याच सुरात तारांचा ताणही थोडा कमी राहतो. एफचा बार आता न दुखता धरते.

मग त्यांनी विचारलं, "गाता कुठल्या पट्टीत?" मी म्हटलं, काळी चार. प्रश्नाचं कारण नंतर उलगडलं. गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, आणि बऱ्याच गिटारींत तो खालच्या जी किंवा जी शार्पच्या आसपास पडतो. जी शार्प म्हणजेच काळी चार. माझा षड्ज नेमका त्या सुरावर आला असता, तर तो एकदम घुमला असता आणि लगेच विझला असता. दादांनी मधलं भोक किंचित लहान ठेवून पोटाचा सूर खाली उतरवला. आज पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारात अभंग धरते, तेव्हा खालचा सा बाकीच्या सुरांच्या बरोबरीने टिकतो. इतकी चौकशी करणारा माणूस मला दुकानात कधीच भेटला नव्हता.

लाकडाचं थोडक्यात सांगते. टॉप, म्हणजे पुढची फळी, सिटका स्प्रूस या लाकडाची, पाठ आणि बाजू आपल्या शिसवीच्या. जगभरच्या गिटारींत इंडियन रोझवुड म्हणून लागतं ते हेच लाकूड. एक तुकडा माझा होता. १९९३ च्या भूकंपात औसा तालुक्यातलं आजोबांचं माळवदाचं घर पडलं. त्या ढिगाऱ्यातून निघालेली सागवानी तुळई वडिलांनी गोठ्यात जपून ठेवली होती. मला पाठच तिची हवी होती. दादांनी ती उलटसुलट करून ठोकून पाहिली. जुन्या खिळ्यांची भोकं फार होती, आणि सागाच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, असं म्हणाले. शेवटी नेकच्या डोक्यावरची पातळ पट्टी आणि भोकाभोवतीचं कडं त्या सागाचं केलं. आवाजात त्याने काही फरक पडत नाही. वडील अजूनही गिटार हातात घेतली की आधी त्या पट्टीवरून अंगठा फिरवतात.

जुलैत रात्रीच्या रेल्वेने गिटार घरी आली आणि पावसाळा, हिवाळा मजेत गेले. मार्च संपता संपता फ्रेटची टोकं बोटांना बोचायला लागली. एप्रिलमध्ये पाचवी-सहावी तार झणझणायला लागली. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची २.४ मिमी होती, ती १.८ वर आली. मला वाटलं नेक वाकली, फसवणूक झाली. फोनवर मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, खोलीत कूलर आहे का?"

आर्द्रतेचा मीटर आणला तेव्हा उलगडा झाला. दुपारी १८ टक्के, कूलर लावला की तासाभरात ७०, बंद केला की पुन्हा खाली. गिटार घडली होती ती ४८ टक्क्यांच्या खोलीत. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, टॉप बसतो, तारा खाली येतात. धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येतात. हे दादांनी आधी विचारायला हवं होतं आणि मीही सांगायला हवं होतं. कुणी ऑर्डर देणार असेल तर लाकडाच्या आधी आपल्या गावचा उन्हाळा सांगा, कूलरसकट.

त्यांनी टोकं फुकट घासून दिली आणि हाडाची दुसरी सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बनवली, मिलिमीटरभर उंच. बाराव्या फ्रेटला अर्धा मिमी वाढवायचा तर सॅडल त्याच्या दुप्पट चढवावी लागते. उन्हाळी एक, पावसाळी एक. बदलताना तारा सैल कराव्या लागतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाकीचा उपाय घरातच सापडला. संक्रांतीचं सुगड पाणी भरून गिटारीच्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवते. ऐन मेमध्ये कपाटात काटा ४२ ते ४८ मध्ये राहिला. बोअरचं पाणी वापरू नका, आठवड्यात क्षारांनी सुगडाची छिद्रं बुजतात. जारचं पाणी घ्या. कूलरच्या झोतात तर वाद्य कधीच ठेवू नका.

दोन उणिवा राहिल्या. तिसरी तार नटच्या खाचेत अडकून ट्यून करताना टकटक करते, खाच घासून घ्यायची आहे. आणि पैसे वाचवायला पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज स्पीकरला देणारा भाग, बसवला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात दीडशे लेकरांच्या आवाजापुढे माईक धरून भागेना. तो आता बसवून घेणार.

मृगाच्या दोन सरी झाल्या आहेत. काल संध्याकाळी कूलर न लावता मीटर ५६ दाखवत होता. येत्या रविवारी उन्हाळी सॅडल काढून ठेवते.