वर्गणी भरावी की नाही? बेळगावातील आमच्या रहिवासी संघाचे परीक्षण

बेळगावच्या दक्षिण भागात, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे अनगोळ आणि भाग्यनगरच्या आसपास गेल्या काही दशकांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एका वसाहतीचा मी रहिवासी आणि तेथील रहिवासी संघाचा सभासद आहे. नव्याने घर बांधून किंवा विकत घेऊन आलेले शेजारी मला हमखास एकच प्रश्न विचारतात : महापालिकेला घरपट्टी भरतोच, पोलीस ठाणेही जवळ आहे, मग संघाची वेगळी वर्गणी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. संघ आपल्याकडून पैसे घेतो आणि त्याबदल्यात सेवा देण्याचे कबूल करतो. म्हणून एखाद्या सेवेचे करावे तसे त्याचे परीक्षण व्हायला हरकत नाही. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. वर्गणी भरावी, मात्र संघाचे जे काम सर्वांत जास्त मिरवले जाते त्यासाठी नव्हे, तर ज्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही त्यासाठी.

चव्हाट गल्ली, कंग्राळ गल्ली, रामलिंगखिंड गल्ली अशा जुन्या भागांत रखवालीची व्यवस्था मुद्दाम उभारावी लागली नाही. पंचमंडळी, युवक मंडळ आणि गणेशोत्सव मंडळ यांच्यामुळे गल्लीत प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असते, आणि अनोळखी माणूस दोनदा घुटमळला की कट्ट्यावरचे कोणीतरी आपुलकीनेच विचारते, ‘‘कुणाकडं आलाय?’’ आमच्या वसाहतीत खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी अशा सगळीकडची कुटुंबे आहेत. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या कन्नड, कोणाच्या कोकणी, तर कोणाच्या उर्दू बोलतात. प्रत्येक घराला कंपाऊंड आहे आणि फाटक दिवसभर लावलेले असते. मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला गेल्यामुळे कित्येक घरांत दोन वृद्ध माणसेच उरली आहेत. गल्लीने जे आपोआप दिले ते येथे नियम करून मिळवावे लागते, आणि संघाचे खरे काम तेच आहे. १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली संघाची रीतसर नोंदणी झालेली असून हिशेब दरवर्षी वार्षिक सभेपुढे ठेवले जातात. वर्षाची वर्गणी चौघांच्या कुटुंबाने एकदा बाहेर जेवण्याच्या खर्चापेक्षा कमी आहे.

या संघाची माझ्या मते सर्वांत मोलाची सेवा म्हणजे बंद घरांची वही. बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाने जाण्याची आणि परतण्याची तारीख, सोबत नातेवाइकाचा फोन क्रमांक आणि किल्ली कोणाकडे ठेवली आहे ही माहिती संघाच्या दोन ठरावीक पदाधिकाऱ्यांकडे नोंदवायची. त्यानंतर समोरच्या आणि मागच्या घरातील प्रत्येकी एका व्यक्तीवर त्या घराकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी येते. वर्तमानपत्र आणि दूध बंद केले आहे ना, फाटकात जाहिरातींचे कागद साचले नाहीत ना, बाहेरचा दिवा संध्याकाळी लागतो आणि सकाळी बंद होतो ना, एवढेच पाहायचे असते. काम क्षुल्लक वाटते, परंतु घर रिकामे आहे हे चोराला याच खुणांवरून कळते. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, आषाढी वारी, सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा किंवा आपापल्या गावची यात्रा या काळात एकाच रांगेतील कितीतरी घरांना एकदम कुलपे लागतात, आणि त्या काळात ही वही विशेष जपून चालवली जाते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची आठवणही त्याच वेळी करून दिली जाते.

वहीतील माहिती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची नाही, हा नियम मला विशेष आवडला. ‘आम्ही आठवडाभर गोव्याला चाललो आहोत, घराकडे लक्ष असू द्या’ हा संदेश गटातील शेकडो मोबाईलवर जातो आणि तेथून पुढे कोठे जाईल याचा भरवसा नसतो. नोंद दोघांकडे राहते आणि सभासदाची संमती असेल तरच ती बीट पोलिसांना, म्हणजे आपल्या भागासाठी नेमलेल्या पोलिसांना, कळवली जाते. यात खर्च शून्य आहे, यंत्र कोणतेही नाही, आणि तरीही वसाहतीत परस्परांची ओळख वाढली ती याच वहीमुळे. ज्यांच्याशी कधी नमस्कारापलीकडे बोलणे झाले नव्हते त्या मागच्या घरातील काकूंकडे आज आमच्या घराची किल्ली असते.

पोलिसांशी असलेला संपर्क ही दुसरी चांगली बाजू. कर्नाटकात २०१७ पासून सुधारित बीट पद्धत राबवली जाते, त्यानुसार पोलीस ठाण्याच्या हद्दीतील लहान लहान भाग एकेका पोलिसाकडे सोपवलेले असतात. पुढे २०२५ च्या जुलै महिन्यात राज्य सरकारने ‘मने मनेगे पोलीस’ म्हणजे घरोघरी पोलीस हा उपक्रम सुरू केला, ज्यात पोलिसांनी स्वतः घरी येऊन रहिवाशांच्या अडचणी समजून घ्यायच्या आहेत. अशा योजना कागदावर उत्तम असल्या तरी बीटवरचा पोलीस बदलला की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि येथे संघाचा उपयोग होतो. नवा पोलीस आला की संघाचे पदाधिकारी त्याला एकदा वसाहतीतून फिरवतात, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरे दाखवतात आणि त्या ज्येष्ठांनाही त्याचा चेहरा ओळखीचा करून देतात.

ही ओळख किती गरजेची आहे हे फसवणुकीचे प्रकार पाहिले की कळते. दागिने पॉलिश करून देतो म्हणून दारात येणारे, ‘पुढे खून झाला आहे, अंगावरचे सोने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे तोतया पोलीस, आणि आता व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारे, या सर्वांचे भांडवल एकच असते : समोरचा माणूस एकटा आहे आणि घाबरला आहे. संघाने ज्येष्ठांसाठी घेतलेल्या बैठकीत कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत स्पष्ट सांगण्यात आले. पैसे गेलेच तर लाजून न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण लवकर कळवले तर रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवण्याची शक्यता राहते. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांकावर फोन करताना आधी ठिकाण आणि जवळची खूण सांगावी, मग घटना, हेही तेथेच शिकवले गेले. मंगळसूत्र हिसकावण्याच्या गुन्ह्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र स्थान मिळाले आहे, आणि घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, ही माहिती कितीतरी सुशिक्षित सभासदांनाही नव्हती.

आता कॅमेऱ्यांविषयी. संघाच्या फलकावर, अहवालात आणि वार्षिक सभेतील भाषणात सर्वांत जास्त गौरव होतो तो सीसीटीव्हीचा, आणि माझे सर्वांत मोठे असमाधान नेमके त्याबद्दल आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावची निवड झाल्यानंतर शहरात नियंत्रण केंद्र उभे राहिले, आणि आपल्याही वसाहतीत कॅमेरे हवेत ही इच्छा स्वाभाविक होती. परंतु कॅमेरे बसवण्यासाठी जेवढ्या उत्साहाने निधी जमवला गेला तेवढा उत्साह त्यांच्या देखभालीत दिसला नाही. एका घरासमोरून दुचाकी चोरीस गेली तेव्हा चित्रण काढून पाहिले, तर यंत्रातील घड्याळ चुकीचे होते आणि कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळिष्टके होती. कर्नाटक सार्वजनिक सुरक्षा अंमलबजावणी कायद्याने २०१७ पासून गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसवून चित्रण ३० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. वसाहतीवर तो नियम थेट लागू नसला तरी तेवढी मुदत आपणही पाळावी, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. चित्रण कोणी पाहायचे, कोणाच्या लेखी अर्जावरून द्यायचे, कॅमेऱ्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे तर वळलेले नाही, याची नियमावली मात्र अजून झालेली नाही. घराच्या अंगणात वावरणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने ही बाब गौण नाही. रात्रीच्या गस्तीचेही तसेच. शिट्टी आणि काठी घेऊन फिरणारा गुरखा प्रामाणिक आहे, पण त्याला ना टॉर्च चांगला दिला आहे ना पावसाळ्यात उभे राहायला आडोसा. ज्याच्या भरवशावर आपण झोपतो त्याच्याविषयी अशी बेपर्वाई शोभत नाही.

सुरक्षितता म्हणजे केवळ चोरांपासून रक्षण नव्हे, हे संघाने ओळखले आहे. उद्यमबागेतील फाउंड्रीत आणि कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारे कामगार, तसेच क्लासहून उशिरा परतणाऱ्या मुली ज्या रस्त्याने येतात, त्यावरील मोकळ्या मैदानालगतचे दिवे दीर्घकाळ बंद होते. एकेकट्याने केलेल्या तक्रारी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिल्या. संघाने प्रत्येक बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक टिपला, नकाशासह कन्नडमध्ये अर्ज लिहिला, आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवली आणि तारीख उलटली की त्या प्रतीसह पुन्हा भेट घेतली. दिवे लागले. अशा कामात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि पाठपुरावा हा एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो, कारण त्याला रजा घ्यावी लागते. संघात मात्र आज एक गेला तर उद्या दुसरा जातो. पावसाळ्यापूर्वी गटारींवरील फुटलेली झाकणे बदलून घेण्याचे कामही याच पद्धतीने झाले. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर आणि वडगावच्या शिवारात कसे पसरते हे पाहिलेल्या बेळगावकरांना उघड्या गटारीचा धोका समजावून सांगण्याची गरज नाही.

सांस्कृतिक कार्यक्रम, रांगोळी स्पर्धा, सहली वगैरे ठीक आहेत. त्यांसाठी कोणी सभासद होऊ नये.

रखवालीचा उत्साह संशयाच्या दिशेने वळू शकतो, आणि त्याबाबतीत संघाची भूमिका मला अत्यंत महत्त्वाची वाटते. आपल्याच राज्यात, बिदर जिल्ह्यातील मुर्की येथे २०१८ च्या जुलै महिन्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने हैदराबादहून आलेल्या तरुणांवर हल्ला केला आणि त्यात एका संगणक अभियंत्याचा जीव गेला. मोबाईलवरच्या अफवेने तेथे सामान्य माणसांना मारेकरी केले. आमच्या संघाचा लेखी नियम असा की अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र गटावर टाकायचे नाही, कोणालाही अडवून झडती घ्यायची नाही, आणि शंका आली तर थेट ११२ क्रमांकावर कळवायचे. एका सभासदाने भंगार गोळा करणाऱ्या मुलाचे छायाचित्र ‘सावध राहा’ असे लिहून टाकले, तेव्हा अध्यक्षांनी ते काढायला लावले आणि पुढच्या बैठकीत त्या विषयावर सर्वांसमोर चर्चा केली. गरीब दिसणे हा गुन्हा नाही, हे वसाहतीतल्या लहान मुलांना आपल्याकडूनच कळायला हवे, आणि म्हणून ती चर्चा मुलांच्या उपस्थितीत झाली याचे मला समाधान वाटते.

भाषेच्या बाबतीत सुधारणा झाली आहे. पूर्वी सूचना केवळ मराठीत निघत आणि कन्नड शेजारी बैठकीला येत नसत. आता प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत निघते आणि उपस्थिती लक्षणीय वाढली आहे. सीमाभागात भाषेवरून काय काय घडले हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे, पण रात्री बारा वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले तर धावून येणारा शेजारी महत्त्वाचा असतो, आणि तो बैठकीला आलेला असेल तर त्याचा नंबर आपल्याकडे असतो.

सर्वांत मोठी त्रुटी भाडेकरूंविषयीची आहे. संघाच्या घटनेनुसार सभासदत्व घरमालकालाच मिळते. त्यामुळे वसाहतीत राहणारे विद्यार्थी, परिचारिका आणि नोकरदार तरुण यांना वहीचा लाभ नाही आणि बैठकीत मतही नाही. रात्री उशिरा ये-जा करणारे, म्हणजे रस्त्यावरचा अंधार सर्वांत आधी लक्षात येणारे, हेच लोक आहेत. कार्यकारिणीतही स्त्रियांची संख्या नावापुरती आहे. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यात २०११ साली झालेल्या सुधारणेने वॉर्ड समिती आणि क्षेत्रसभा यांची तरतूद केली, आणि वॉर्ड समितीत महिलांना तसेच रहिवासी संघटनांच्या प्रतिनिधींना जागा दिल्या. बेळगाव महापालिकेच्या ५८ वॉर्डांत अशा समित्यांवर बसू इच्छिणाऱ्या संघांनी आपले दार आधी स्वतःच्या वसाहतीतील सर्वांसाठी उघडायला हवे, अन्यथा प्रतिनिधी म्हणून आपण कोणाच्या वतीने बोलणार?

नव्याने राहायला आलेल्यांना माझा सल्ला असा की वर्गणी भरण्यापूर्वी मागील वर्षाचा ताळेबंद मागून घ्यावा, बंद घरांची वही कोण चालवते हे विचारावे आणि किमान एका मासिक बैठकीला बसून पाहावे. भाडेकरूंना सहयोगी सभासद करून घेण्याचा आणि चित्रणाच्या वापराची नियमावली ठरवण्याचा, असे दोन लेखी प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेसाठी दिले आहेत. ते मंजूर होण्यासाठी मतांची गरज आहे, आणि मत देण्याचा अधिकार वर्गणी भरलेल्या सभासदालाच आहे.