बेलशस्सराच्या मेजवानीतल्या राण्या आणि फाउंटनला मिळालेला कोश

ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा हिब्रू कोश घ्यावा का, असं आमच्या भायखळ्याच्या बायबल अभ्यासगटात अधूनमधून कुणीतरी विचारतं. हिब्रू अक्षरं ओळखता येत असतील तर तो डोळे मिटून विकत घ्या.

मूळ कोश 1906 चा, गेसेनियस या जर्मन पंडिताच्या कोशावर उभारलेला. माझी प्रत हेंड्रिक्सन प्रकाशनाने काढलेली, स्ट्राँग्ज नावाच्या बायबलच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले क्रमांक घातलेली आहे. फाउंटनच्या फूटपाथवर मिळाली. पुस्तकवाले काका अठराशे म्हणत होते, घासाघीस करून बाराशेला दिली. पुठ्ठ्याचे कोपरे दबलेत, पण शिवण घट्ट आहे. अकराशेच्या वर पानं असूनही मधोमध उघडून मेजावर सपाट राहतो.

त्याची खरी किंमत मला बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात कळली. बाबेलचा राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातली सोन्याची पात्रं मागवतो आणि त्याचे सरदार, पत्न्या व उपपत्नी त्यातून द्राक्षारस पितात. गटातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, राजाच्या सगळ्या बायकाच ना? मग वेगवेगळ्या का सांगितल्या?" दानीएलाचा हा भाग अरामी भाषेत आहे आणि अरामी शब्द या कोशात शेवटच्या चाळीसेक पानांत वेगळे दिलेत. तिथे ‘शेगाल’ सापडतो: राजाची पत्नी, राणीच्या मानाची. संदर्भ तीनच, 5:2, 5:3 आणि 5:23. ‘लेखेना’ म्हणजे उपपत्नी, तिची नोंद स्वतंत्र. म्हणजे लेखक मेजवानीत कोण कोणत्या दर्जाने बसलंय ते सांगतोय.

हिब्रू भागातला ‘शेगाल’ही बघाच. तो शास्त्रात दोनदाच येतो. नहेम्या 2:6 मध्ये राजा अर्तहशश्त नहेम्याशी बोलतो तेव्हा त्याच्या शेजारी बसलेली राणी ती हीच. आणि स्तोत्र 45:9 मध्ये ओफीरच्या सोन्याने मढून राजाच्या उजव्या हाताला उभी आहे तीही हीच. (ओफीर म्हणजे आपलं सोपारा, असं काही अभ्यासक म्हणत आलेत. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या मंडळींचे चेहरे हे ऐकून खुलले होते!) दोन्हीकडे मानाची जागा आहे, राजाच्या बाजूची. मग 5:10 मध्ये जी ‘राणी’ मेजवानीच्या दालनात नंतर येते ती कोण? तिथला शब्दच निराळा, ‘मल्का’. पत्न्या तर आधीपासून आत बसल्यात, म्हणून पुष्कळ अभ्यासक तिला राजमाता मानतात. मलाही तेच पटतं, कारण ती राजाशी ज्या अधिकाराने बोलते तो आईचाच वाटतो.

स्ट्राँग्जच्या सूचीमागे जो छोटा कोश असतो तो ‘शेगाल’चं नातं शय्यासोबतीच्या एका हिब्रू क्रियापदाशी जोडतो. ते क्रियापद इतकं असभ्य मानलं जाई की यहुद्यांच्या सभास्थानात मोठ्याने वाचताना त्याच्या जागी दुसरं म्हणत. राजाच्या उजव्या हाताच्या राणीला त्या शब्दातून काढणं मला मान्य नाही. तिचं मूळ अश्शूरी राणीच्या पदवीत, ‘राजवाड्याची ती’ अशा अर्थाच्या शब्दांत आहे, हे मत मला जास्त भक्कम वाटतं. इराकमधल्या निमरूद या प्राचीन अश्शूरी शहरातल्या राजवाड्याखाली 1989 साली राण्यांची कबर सापडली, त्यातल्या सोन्याच्या भांड्यांवर याबा आणि अतालिया या राण्यांच्या नावापुढे हीच पदवी कोरलेली आहे. 1906 च्या कोशात ही कबर असणार नाही, त्यासाठी नवा कोश लागतो आणि तो फार महाग पडतो.

त्रासही आहे. शब्द धातूंप्रमाणे लावलेत. वेदी म्हणजे ‘मिझ्बेआख’, तो ‘म’ मध्ये शोधाल तर मिळायचा नाही, ‘झाबाख’ या धातूखाली जावं लागतं. अशा वेळी स्ट्राँग्जचा क्रमांक धरून मागच्या सूचीतून पान काढायचं. संक्षेपांचं रान माजलंय आणि छपाई इतकी बारीक की संध्याकाळी दिव्याखालीच बसावं लागतं. हिब्रू आणि अरामी अक्षरं सारखीच दिसतात, तेव्हा पानाच्या माथ्यावर कोणता भाग आहे ते आधी बघा.

कोशावरचा हक्क संपलाय, त्यामुळे जुनी आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. पण बोटं घालून चार पानं एकदम धरता येतात ती छापील प्रतीतच. जुनी घेणार असाल तर पैसे देण्याआधी मागची पानं उलटून बघा. बांधणी सुटलेल्या प्रतीतून आधी तीच गळतात आणि अरामी भाग व सूची दोन्ही तिथेच आहेत.