साडेपाचशे रुपयांचा स्कॅनर आणि उणे ४० अंशांचे इंजिन

मे महिन्यातील भर दुपारी कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर कळे येथे चहासाठी थांबलो असताना, माझ्या मोटारीच्या इंजिनातील पाण्याचे तापमान उणे ४० अंश असल्याचे मोबाइलच्या पडद्यावर दिसले. बॉनेटला हात लावण्याची सोय नव्हती, इतके ते तापले होते. हा आकडा दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर मी आठवड्यापूर्वीच साडेपाचशे रुपयांना घेतला होता, आणि पैसे पाण्यात गेले असे मला त्या क्षणी वाटले. प्रत्यक्षात त्याने पैसे वसूल करून दिले ते याच आकड्याने. आठ महिन्यांच्या वापरानंतरचा हा अभिप्राय आहे.

मोटार २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. उंदराचा आणि पावसाचा होता.

बाजारात मिळणारे हे निळे पारदर्शक खोके ‘ईएलएम ३२७’ या नावाने विकले जाते. ते नाव कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सच्या मूळ चिपचे. आपल्या हाती येते ती बहुतेक वेळा तिची नक्कल असते. खोक्यावर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले असेल तर शंकाच नको, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. मी पहिल्यांदा घेतलेला असाच एक स्कॅनर मोबाइलशी जुळे, पण गाडीशी बोलायला तयार होईना. तो परत करून दुसऱ्या दुकानातून घेतलेला मात्र पहिल्या प्रयत्नात जुळला. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ होते, म्हणून परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्यावा.

जुन्या गाडीच्या मालकाने खरेदीपूर्वी एक गोष्ट स्वतः पाहून घ्यावी. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते, स्कॅनर त्यातच लावायचा. त्याची रुंद बाजू वर धरली, तर वरच्या ओळीत उजवीकडून दुसरी जागा सातव्या पिनची असते, आणि सहावी तिच्या डावीकडे. जुन्या गाड्यांमध्ये ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बहुधा सातव्या पिनवरील के-लाइन या एकेरी वायरवर बोलतो, तर नव्या गाड्यांत सहाव्या आणि चौदाव्या पिनवर कॅन या वेगवान जाळ्याच्या वायरींची जोडी असते. सॉकेट आहे म्हणजे स्कॅनर चालेलच असे नाही, कारण आपल्याकडे ओबीडी-दोनची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ठरावीक पद्धतीने सांगण्याच्या नियमाची, सक्ती २०१३ पासूनची आहे आणि त्याआधीच्या कित्येक गाड्या केवळ स्वतःच्या कंपनीच्या यंत्रालाच उत्तर देतात. माझी गाडी उत्तर देते, पण सावकाश. के-लाइनचा वेग सेकंदाला सुमारे १०,४०० बिट, तर मोटारींतील कॅनचा बहुधा ५ लाख. त्यामुळे एकाच वेळी दहा आकडे पडद्यावर मागितले, तर प्रत्येकाची पाळी यायला वेळ लागतो, दोनच मागावेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होई, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होताना धापा टाकी. पेट्रोलचा वास येई, ॲव्हरेज सोळावरून अकरावर आले होते आणि रेडिएटरचा पंखा कधीकधी चावी फिरवताच फिरू लागे. एका गॅरेजमध्ये चेक इंजिनच्या दिव्यामागचा दोषाचा कोड काढला, तो निघाला पी०११८, म्हणजे पाण्याच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. त्यांनी साडेसहाशेचा सेन्सर बदलला. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला, तेव्हा “ईसीएम गेलाय” असा निकाल मिळाला आणि जुन्या ईसीएमचा भाव सांगितला गेला १४,००० रुपये. गाडीची आजची किंमत लक्षात घेता हा सल्ला म्हणजे गाडी भंगारात काढा असे सौम्य भाषेत सांगणेच होते.

कोड हा सर्किटचे नाव घेतो, सुट्या भागाचे घेत नाही, हे मला स्कॅनरमुळे उमगले. हा सेन्सर तापेल तसा आपला रोध कमी करतो. साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीएम त्याला पाच व्होल्ट देतो आणि किती व्होल्टेज उरले यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली की पाचच्या पाच व्होल्ट उरतात, ईसीएमला रोध अफाट वाटतो आणि तो मोजपट्टीच्या तळाचा आकडा सांगतो. उणे ४० ही संख्या मोठी गमतीची आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट तिथे एक होतात, त्यामुळे ॲप कोणत्याही मापावर ठेवले तरी वेडेपणा तेवढाच दिसतो.

ते चित्र घेऊन मी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. लेथच्या खडखडाटात त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले, सेन्सरचा कपलर (वायरींच्या टोकाचा प्लग) काढला आणि त्याच्या दोन्ही टोकांत वायरचा तुकडा घातला. वायरिंग शाबूत असते तर आकडा शंभराच्या पुष्कळ वर उडाला असता. तो उणे ४० वरच बसून राहिला. “सेन्सरचं काय नाही हो, वायरच मेलीया,” ते म्हणाले. मग तुकडा काढून कपलर पुन्हा बसवला, मला आत बसवून आकडे ओरडायला सांगितले आणि स्वतः बॉनेटखाली वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीतभर वीतभर हलवत निघाले. आरंभी उणे ४०च होते. हार्नेस हलला तसे एकदम ८६ आले. मी ओरडत होतो: शहाऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, उणे चाळीस! बॅटरीच्या ट्रेखालची टेप सोलल्यावर उंदराच्या दातांनी खरवडलेली एक वायर सापडली. प्लास्टिक जेमतेम फाटले होते, पण मागच्या पावसाळ्याचे पाणी आत शिरून तांब्याची हिरवी भुकटी झाली होती आणि दोन-तीन तारांवर तिचा जीव टिकून होता. त्यांनी कुजलेला भाग कापून नवा तुकडा डाखला, वर स्लीव्ह चढवली आणि तीनशे रुपये घेतले. ईसीएम आजही मूळचाच आहे.

त्या तपासाचे श्रेय स्कॅनरला जेवढे, त्याहून जास्त त्या इलेक्ट्रिशियनच्या हाताला आहे. स्कॅनरने त्यांना दुसरी डोळ्यांची जोडी दिली, एवढेच त्याचे काम.

तक्रारीही आहेत. ॲपमधील कोड पुसण्याचे बटण फार सहज दाबले जाते, आणि त्यासोबत दोष उद्भवला त्या क्षणाची साठवलेली नोंदही जाते. आधी फोटो काढून ठेवावा. सोळाव्या पिनवर बॅटरीचा प्रवाह सदैव असतो, त्यामुळे गाडी बंद असली तरी खोक्याचा दिवा जळत राहतो. माझ्या मल्टिमीटरवर तो ४० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. दिवाळीत दहा दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर गाडी ढकलून सुरू करावी लागली. आयफोनशी हा ब्लूटूथचा नमुना जुळत नाही, त्यासाठी वायफायचा किंवा आयफोनला चालणारा वेगळा घ्यावा लागतो.

आणि गेल्या आठवड्यापासून एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला आहे. त्याबद्दल हा स्कॅनर एक शब्द बोलत नाही, कारण त्याची ओळख फक्त इंजिनाच्या ईसीएमशी आहे. उद्या पुन्हा उद्यमनगर.