लिनक्सची ‘सीपीयूइन्फो’ फाइल: उपयुक्त, पण अपुरी

वेळ मोजण्यासाठी वापरला जाणारा प्रोसेसरमधला टाइमस्टॅम्प काउंटर (टीएससी) भरवशाचा आहे की नाही, हे सॉफ्टवेअरला लिनक्सकडून जाणून घ्यायचे असेल, तर ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल मला सर्वांत सोयीची वाटते. तिच्या ‘फ्लॅग्ज’ म्हणजे प्रोसेसरच्या क्षमता सांगणाऱ्या ओळीत ‘कॉन्स्टंट टीएससी’ असल्यास प्रोसेसरची वारंवारता बदलली तरी काउंटर एकाच गतीने चालतो, आणि ‘नॉनस्टॉप टीएससी’ असल्यास प्रोसेसर गाढ झोपेत गेला तरी तो थांबत नाही. मात्र त्या ओळीत आखूड नावांची एवढी गर्दी असते, की नुसते ‘टीएससी’ शोधणारा प्रोग्रॅम हमखास फसतो. माझाही एकदा फसला. शिवाय हे फ्लॅग असूनही काउंटर अस्थिर आढळल्यास कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘एचपीईटी’ या संगणकातल्या वेगळ्या टायमरकडे वळू शकतो, आणि त्याचा पत्ता ‘सीपीयूइन्फो’त लागत नाही; तो ‘करंट क्लॉकसोर्स’ या दुसऱ्या फाइलमध्ये लागतो.